काठीवरचं लुगडं

दिघीच्या बंदरावर मचव्याच्या मालकाचा माणूस ओरडत आला, "मुंबईचा मचवा उद्या नाही, आत्ताच सुटणार!" माझ्या निम्म्या सुपारीच्या गोणी अजून म्हसळ्याच्या वाटेवर होत्या. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. हा मालक नेहमी असाच बुडवायचा.

शेजारी त्याच मचव्यावरचा एक खलाशी दोर गुंडाळत होता. दर वेढ्याला थांबून किनाऱ्यावरच्या आपल्या घराकडे बघायचा.

"शेट, बायकोला कळा सुटल्यात," तो म्हणाला. "भरती तरी सांगून येते, मालक न्हाय." मग काठावरच्या आईला ओरडला, "आये, ती सुटली की मासळी वाळवायच्या काठीवर लाल लुगडं बांध!"

आहे तेवढ्या गोणी घेऊन मी चढलो. शीड भरलं. गोणी विसरून मीही त्याच्याबरोबर मागे बघत राहिलो. किनारा दिसेनासा होईपर्यंत काठी रिकामीच होती.