बुटक्या शॉवरचा आठवडा

माझी आई बर्निस गेली तेव्हा चर्चमधल्या बायका ओळीने येऊन माझा हात धरत होत्या आणि सांगत होत्या, "तुझी आई फार क्षमाशील होती गं." मी मान हलवत होते. आईने आयुष्यात कोणालाही क्षमा केली नाही. ती फक्त वाट बघायची, आणि लोकांना ते क्षमा केल्यासारखं दिसायचं.

ट्रेंटनमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं काढली. केसांना जाळी, हातात लांब दांड्याचा डाव, समोर चारशे पोरं. एखाद्याने तोंड वाकडं करून ताट मागे ढकललं तर ती काही बोलत नसे. पण पुढचा महिनाभर त्याच्या ताटात बटाट्याचा तळाचा, करपलेला भाग पडायचा. आम्ही तिघं भावंडं तिच्या ह्या स्वभावातच वाढलो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला अजूनही वाटत नाही.

बाबांचं नाव कॅझ. ते प्लंबर होते. वर्षभर लोकांच्या तळघरात गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि वर्षातून एक आठवडा आम्हाला घेऊन समुद्रावर जायचे. तो आठवडा ठरलेला: ऑगस्टचा दुसरा, शनिवार ते शनिवार, मिसेस पॅटर्नोंच्या घराचा वरचा मजला. पलंग मधोमध खचलेले, उशांना दमट वास, स्वयंपाकघरात धार असलेली सुरी एकच. आम्हाला त्याहून चांगली जागा जगात माहीत नव्हती. मी तेव्हा नऊ वर्षांची, जोई सहाचा, टेडी तीनचा. पोहण्याच्या कपड्यावर किनाऱ्यावरच्या प्रवेशाचा बिल्ला टाचून सकाळी निघायचं ते उन्हं उतरल्यावर परत यायचं, कानातसुद्धा वाळू घेऊन.

वाळू घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही, हा पॅटर्नोबाईंचा पहिला कायदा. मागच्या अंगणात लाकडी आडोसा होता, त्यात शॉवर. पण तो मोठ्या माणसांच्या उंचीचा. पाणी वरून थेट डोळ्यांत यायचं आणि टेडी असा गळा काढायचा की शेजारचे खिडकीतून बघायचे. म्हणून बाबांनी एका वर्षी येताना हत्यारांची पेटी आणली, मोठ्या शॉवरच्या नळाला फाटा काढला आणि टेडीच्या डोक्याच्या वीतभर वर एक छोटा शॉवर बसवला. त्याला आम्ही बुटक्या म्हणायचो. बुटक्याखाली टेडी रडला नाही. उलट त्याला तिथून बाहेर काढताना तो रडायचा.

पॅटर्नोबाईंचा दुसरा कायदा कॅलेंडरचा. वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात अंत्यविधीवाल्यांनी फुकट वाटलेलं कॅलेंडर लटकत असे, शेजारी सुतळीला बांधलेलं पेन. निघायच्या शनिवारी, दुपारी बाराच्या आत, आपल्या आठवड्याखाली कॅलेंडरवर नाव लिहायचं. ज्याचं नाव, त्याचा पुढच्या वर्षीचा तो आठवडा. नाव नसेल तर जो आधी लिहील त्याचा. बाई वाद घालत नसत. "भिंतीवर शाईने आहे ते आहे," एवढंच म्हणायच्या.

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या आठवड्यात, गुरुवारी, बाबा टेडीसाठी वाळूत खड्डा खणता खणता खाली बसले. टेडीला वाटलं, खेळ आहे. त्याने त्यांच्या मांडीवर वाळू ओतली. पुलापलीकडच्या हॉस्पिटलात शुक्रवारी सकाळी बाबा गेले.

डोलोरेस काकू, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, ट्रेंटनहून धावत आली. हॉस्पिटलच्या बाकावर आईने तिला तीन गोष्टी सांगितल्या: पोरांना घरी ने, सामान बांध, आणि कॅलेंडरवर आपलं नाव लिही. मी आईला टेकून बसले होते, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो.

"आत्ता कसलं कॅलेंडर घेऊन बसलीस गं," काकू म्हणाली.

"पोरांना तेवढं राहू दे," आई म्हणाली. "कॅझने केलेलं सगळं तिथेच आहे."

"बरं. तू इथलं बघ. बाकी मी बघते."

शनिवारी सकाळी काकूने आमच्या बॅगा भरल्या, गाडीत टाकल्या आणि परत स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभी होते. तिने सुतळीचं पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: चेट आणि डोलोरेस. चेट म्हणजे आमचे काका. मला वाचता येत होतं. मी कोणाला काही बोलले नाही. बाबा गेले होते, त्यापुढे कॅलेंडरचं काय सांगायचं? हे मी पुढे दहा महिने पोटात ठेवलं आणि त्याची लाज मला आजही वाटते.

जूनमध्ये आईने पॅटर्नोबाईंना फोन केला तेव्हा तिला कळलं. तिने लगेच काकूला फोन लावला.

"अगं, तू एकटी बाई, पदरात तीन पोरं," काकू म्हणाली. "तुला झेपलं असतं का? आठवडा घरातच राहिला, हे बघ ना. आणि तुम्ही या की एक दिवस. परके आहात का?"

ऑगस्टमध्ये आईने आम्हाला खरंच नेलं. समुद्र पोरांचा आहे, तिच्या बापाचा नाही, असं वाटेत म्हणाली. दिवसभर आम्ही वाळूत खेळलो. संध्याकाळी परत आलो आणि टेडी बुटक्याकडे पळाला. काकूने त्याला खांद्याला धरून थांबवलं.

"आधी घरची," ती म्हणाली. "मग पाहुणे."

घरची म्हणजे तिच्या दोन मुली, एक सतराची, एक एकोणीसची, चांगल्या उंच घोड्या. त्यांनी मोठ्याखाली केस धुतले आणि बुटक्याखाली पाय घासले. अर्धा तास. आई आम्हा तिघांना घेऊन तापलेल्या खडीवर उभी होती. टेडीच्या जांघेत वाळूने चट्टे उठले होते आणि तो एकेक पाय उचलत होता. मग आतून आवाज आला की गरम पाणी संपलं. आईने आम्हाला गाडीत बसवलं. साठ मैल आम्ही तशाच वाळूत आलो. घरी तिने गाडीतली वाळू झाडून एका बरणीत भरली आणि बरणी फ्रिजवर ठेवली. ती बरणी तिथे आठ वर्षं होती.

पुढच्या उन्हाळ्यात आईने पॅटर्नोबाईंकडे शनिवारची साफसफाई धरली. शाळेला सुट्टी असायचीच. दर शनिवारी पहाटे निघायचं, दहाला एक कुटुंब गेलं, की दोनला दुसरं येईपर्यंतच्या वेळात घर लख्ख करायचं. काकूला हे कळल्यावर आनंदच झाला. ख्रिसमसच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणाली, "आमची बर्निस हल्ली आमचं समुद्रावरचं टॉयलेट घासते बरं का." लोक हसले. आईने तिला आणखी बटाटे वाढले.

चौदा वर्षांची झाल्यावर मी आईबरोबर जायला लागले. दर ऑगस्टला, दुसऱ्या आठवड्यानंतरच्या शनिवारी, आई आधी कॅलेंडरकडे जायची. तिथे चेट आणि डोलोरेस लिहिलेलं असायचं. मग ती बादली भरायची.

"खोडून टाक ना," मी एकदा म्हटलं. "बाईंना कुठे कळतंय."

"खोडायचं नाही," आई म्हणाली. "चोर ती आहे. मला ते माझ्याकडे यायला हवंय, तिच्याकडे गेलं तसंच."

मला वाटलं, हे कधीच होणार नाही. पण आई तिथे फक्त फरशी पुसत नव्हती. घाईघाईत निघालेली माणसं काय काय विसरतात, हे ती दर शनिवारी गोळा करत होती. चष्मे, औषधं, कवळी, एकदा तर जिवंत कुत्रा. जेवढ्या लवकर निघाले, तेवढं जास्त मागे राहिलं. झोपलेली पोरं उचलून नेणारे सगळ्यात जास्त विसरायचे. आणि आता काकूच्या थोरल्या मुलीला दोन पोरं झाली होती, चार वर्षांचा ब्रायस आणि दोन वर्षांची कारा.

शहाण्णव साली ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी आईने समुद्रावरच्या घरी फोन लावला. आवाज अगदी गोड.

"डोलोरेस, तुला सांगायला फोन केला. उद्या पूल बंद आहे, दुरुस्तीला. सकाळी सहा ते एक."

"अरे देवा. सहाला?"

"पाच-साडेपाचलाच निघा. पोरांना झोपेतच गाडीत घाला. किल्ली पायरीखाली ठेव. बाकी मी बघते."

खरं तर पूल आठला बंद होणार होता. आईने मला हे गाडीत सांगितलं, पहाटे, कॉफीचा थर्मास मांडीवर धरून. पुलावर समोरून त्यांची गाडी आली. चेट काका चालवत होते, मागे दोन्ही पोरं माना टाकून झोपलेली, केस विस्कटलेली काकू पुढच्या सीटवर. तिने आईला हात केला. आईनेही केला.

घरात शिरून आई सरळ कॅलेंडरकडे गेली. त्या आठवड्याखाली नाव नव्हतं. पेन सुतळीला लोंबकळत होतं. मी म्हटलं, लिही. तिने बादली भरली. आठला पूल बंद झाल्याचा भोंगा ऐकू आला. तिने पलंगांच्या चादरी काढल्या. दहाला भिंतीवरचा फोन वाजला. आईने हात पुसले आणि फोन असा धरला की मलाही ऐकू यावं.

"बर्निस, अगं मी घरी पोचल्यावर आठवलं," काकू म्हणत होती. "नाव राहिलं. पूल बंद, आम्हाला येता येत नाही. तेवढं कॅलेंडरवर आपलं नाव लिहितेस ना?"

आई जरा थांबली. त्या थांबण्यासाठी ती सात उन्हाळे दुसऱ्यांची टॉयलेटं घासत होती.

"आत्ता कसलं कॅलेंडर घेऊन बसलीस गं," ती म्हणाली. मग आई म्हणाली, "लिहिते." फोन ठेवला, पेन घेतलं आणि लिहिलं: बर्निस आणि मुलं.

काकूने पॅटर्नोबाईंना किती फोन केले, माहीत नाही. बाईंनी काय उत्तर दिलं असेल ते माहीत आहे. ख्रिसमसला काकू आमच्याकडे आली नाही, आणि त्या वर्षी बटाटे उरले.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टला आम्ही त्या घरात आठवडाभर राहायला गेलो. मी अठराची, जोई पंधराचा, टेडी बाराचा. पहिल्याच दिवशी टेडी शॉवरला गेला आणि लगेच बाहेर आला. बुटक्या त्याच्या छातीला लागत होता. "हा एवढा खाली होता?" त्याने विचारलं. आई आत गेली आणि बराच वेळ नुसते कांदे चिरत बसली. आठवडा आपण परत मिळवला, पण ज्यांच्यासाठी तो हवा होता ती पोरं मधल्या काळात मोठी झाली, हे तिला तेव्हा कळलं असावं. निदान मला तरी तेव्हाच कळलं, आणि काकूवरचा माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

बुधवारी काकू आली. तिच्या मुलीला काम होतं, म्हणून नातवंडांना एक दिवसासाठी किनाऱ्यावर आणलं होतं. संध्याकाळी अंगणाच्या फाटकाशी उभी राहिली, दोन्ही हातांना एकेक पोर. तिघंही डोक्यापासून पायापर्यंत वाळूने माखलेली. कारा रडत होती.

"बर्निस," काकू म्हणाली. "झालं गेलं ते गेलं. पोरांना धुऊ दे फक्त."

आई पायऱ्या उतरून खाली आली. तिने फाटक उघडलं, पोरांना आत घेतलं आणि फाटक परत लावलं. काकू बाहेर. आईने स्वतः हात घालून पाणी कोमट केलं आणि दोघांना बुटक्याखाली उभं केलं. काराच्या डोक्यापासून तो बरोबर वीतभर वर होता. तिचं रडणं थांबलं. आईने तिच्या कानामागची वाळू बोटाने काढली, टाचा घासल्या, दोघांना टॉवेलात गुंडाळलं, हातात केकचा एकेक तुकडा दिला आणि फाटकातून परत काकूच्या हाती दिलं.

"मीही जरा पाय धुते," काकू म्हणाली. तिच्या पायांखाली तीच खडी होती, दिवसभर तापलेली.

"आधी घरची," आई म्हणाली, आणि आमच्याकडे वळली. "जा रे तिघंही. सावकाश होऊ दे."

आम्ही सावकाश केलं. मी केस दोनदा धुतले. जोईने बेसूर गाणी म्हटली. काकू खडीवर एकेक पाय उचलत उभी होती, आणि लोक काहीही म्हणोत, मला फार बरं वाटलं. मग टेडी आत गेला. तो मोठ्या शॉवरखाली उभा राहिला नाही. गुडघ्यांवर बसला, बुटक्याखाली डोकं धरलं आणि तसाच राहिला. गरम पाणी संपलं तरी उठला नाही.

बाहेर काकूने पोरांना गाडीत बसवलं. आईने तिकडे बघितलंही नाही. आडोशाच्या फळीला हात टेकून ती टेडीला म्हणाली, "बस रे बाळा. घाई नाही."