साहेबांच्या मापाचा बाक

आमच्या जुन्या घराच्या ओटीवरच्या भिंतीत सात खिळे आहेत. छप्पन्ननंतर आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा देवांच्या तसबिरी उतरल्या आणि खिळे तसेच राहिले. पुढे वडिलांनी त्याच ओटीवर शाळेचे बाक बनवायचं वर्कशॉप काढलं आणि त्या रिकाम्या खिळ्यांवर सुतळ्या टांगल्या. एक सुतळी म्हणजे एक शाळा. प्रत्येक सुतळीला तीन गाठी, लहान, मधल्या आणि मोठ्या पोरांची टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची.

ऑर्डर हातात आली तरी वडील लगेच लोखंड आणायचे नाहीत. आधी शाळेत जायचे. मुलांना भिंतीला टेकवून उभं करायचे, सुतळी टाचेखाली धरायचे आणि गुडघ्याशी गाठ मारायचे. घाटाकडच्या शाळेतली पोरं बोरी बुद्रुककडच्या पोरांपेक्षा चणीने लहान असतात, हे त्यांना कोणत्याही अहवालाच्या आधी कळलं होतं. त्यांच्या स्वतःच्या शाळेत बाक नव्हतेच. जमीन होती, आणि त्या जमिनीवरही त्यांची जागा दाराबाहेर होती. एवढं त्यांनी एकदाच सांगितलं, तेही वेल्डिंगचा चष्मा पुसता पुसता. पण बाकावर बसलेल्या पोराचे पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, यावर त्यांनी कधी घासाघीस केली नाही.

जुन्या काळाची मला फार ओढ नाही. सरकारी खरेदीचा तेव्हाचा नियम सोपा होता. तीन दरपत्रकं मागवायची आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यायचं. प्रत्यक्षात तिन्ही दरपत्रकं ज्याला काम मिळायचं असे तोच टाइप करायचा. जुन्नरच्या बाजारात आमची तिघांची लेटरहेडं एकमेकांच्या ड्रॉवरमध्ये असत. एक आमचं, एक लाकडी फर्निचरवाल्याचं आणि एक भांड्यांच्या दुकानाचं. भांडीवाल्याने जन्मात बाक बनवला नाही, पण बाकांच्या स्पर्धेत तो आमच्याकडून वीस वर्षं हरत आला. पाण्याच्या पिंपांच्या स्पर्धेत आम्ही त्याच्याकडून हरायचो. याला कोणी लबाडी म्हणत नसे, शेजारधर्म म्हणत. तिघांची अक्षरं एकाच टाइपरायटरची आहेत आणि तिघांचाही 'र' अर्धवट उठतो, हे एकाही ऑडिटरच्या लक्षात आलं नाही.

म्हणूनच खरेदी ऑनलाइन झाली याचा मला आनंदच झाला. हे उपहासाने म्हणत नाही. नोंदणीसाठी कोणाच्या पुढ्यात उभं राहावं लागलं नाही. पाकीट टेबलाखालून द्यायचं की टेबलावर ठेवायचं, हा प्रश्न सुटला. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना काही सवलतीही होत्या, आणि त्या कागदावर तरी खऱ्या होत्या.

या बदलाचं स्वागत करायला एक कार्यशाळा झाली. फ्लेक्सवर सात चेहरे होते, त्यातला एकही काही विकणाऱ्याचा किंवा बनवणाऱ्याचा नव्हता. पाहुणे दोन तास उशिरा आले. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले आणि नंतर ते चालू करायचं कोणाला सुचलं नाही. आता खरेदीत माणूस मध्ये राहिलेला नाही, असं प्रत्येक वक्त्याने घाम पुसत सांगितलं. मग सगळ्यांना शाली दिल्या. त्या शाली कोणत्या निविदेतून आल्या, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिल्याच दिवशी नावापुढे लाल शाई नको, म्हणून गप्प बसलो.

माणूस मध्ये राहिला नाही म्हणजे काय, हे मला बाकांच्या निविदेत कळलं.

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांसाठी ती निविदा होती. आमच्याकडे चार माणसं कामाला. त्यांतले एक वेल्डर वडिलांच्या वेळेपासूनचे, मी त्यांना काका म्हणतो. बाकांचं काम गेलं तर आमच्याकडे उरतं ते बिबट्याचं. उसातून बिबट्या अंगणात यायला लागल्यापासून खिडक्यांचे गज, गोठ्यांच्या जाळ्या, शेळ्यांचे पिंजरे यांना मागणी आहे. बिबट्याने आम्हाला जितकं काम दिलं तितकं कोणत्याही खात्याने दिलेलं नाही, आणि त्याने कधी अनुभवाचा दाखला मागितला नाही. पण वडिलांनी वर्कशॉप काढलं ते पिंजऱ्यांसाठी नव्हे. ही निविदा गेली तर सुतळ्या नुसत्याच खिळ्यांवर राहणार होत्या.

मी निविदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. वाचनाचं व्यसन आहे, आणि गावात दुसरं कोणी एवढं लांबलचक लिहीत नाही. एकोणिसाव्या पानावर बाकाची मापं होती. बसायची उंची अठरा इंच, सर्व इयत्तांसाठी. मी माझाच गुडघा मोजला. बरोबर अठरा. म्हणजे ज्याच्यासाठी हे बाक होते तो विद्यार्थी पन्नाशीला आलेला होता. आमच्या सुतळ्यांवरची पहिलीची गाठ बाराच्या आसपास असते.

अर्ज भरायला मी घोडेगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याच्या दुकानात जातो. माणूस हुशार, कर्जापासून कुंडलीपर्यंत सगळं भरतो. शेवटी प्रश्न आला. दिलेल्या निकषांपेक्षा आपल्या मालात काही फरक आहे का? होय किंवा नाही. मी होय म्हटलं आणि खालच्या चौकटीत लिहायला सांगितलं की इयत्तेप्रमाणे तीन उंचीचे बाक देऊ, दर तोच.

त्याने माउसवरचा हात काढला.

"दादा, न्हाई करा. समदे न्हाईच करत्यात. आन् मंग बनवा की तुमाला पायजे तसं."

मी म्हटलं, फरक आहे तर नाही कसं लिहू. तो म्हणाला, तुमी प्रश्नाचं उत्तर देताय, मशीन उत्तर मागत न्हाई, टिक मागतंय. हे वाक्य मला तेव्हा थोर वाटलं नाही. होय ठेवूनच आम्ही अर्ज धाडला.

तांत्रिक छाननीत अपात्र. कारणाच्या रकान्यात एकच ओळ, बोलीदाराने फरक मान्य केला आहे. आमचे दर उघडलेच नाहीत. वीस वर्षं टाइपरायटरवर खोटी स्पर्धा करून आम्ही पात्र होतो, आणि पहिलं खरं उत्तर दिल्यावर बाद झालो. भांडीवाला हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. तो म्हणाला, माझ्याच लेटरहेडवर भरायचं होतं, मी हरण्यात मुरलेला आहे.

काम दूरच्या एका पुरवठादाराला गेलं. त्याने बाक वेळेत दिले, लोखंड चांगलं होतं, रंग चकचकीत होता. त्याला मी नावं ठेवणार नाही. कागदावर जे मागितलं ते त्याने दिलं.

जून सरता सरता शिनोलीच्या पुढच्या, घाटाकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. त्या शाळेची सुतळी आमच्या तिसऱ्या खिळ्यावर आहे. जमल्यास येऊन जा, म्हणाल्या. मी गेलो. पहिलीच्या वर्गात नवे बाक रांगेने उभे होते, त्यांच्यावर दप्तरं बसली होती आणि पोरं जमिनीवर.

बाई म्हणाल्या, "चढताना पडतात. बसली की पाय लोंबतात, अर्ध्या तासात मुंग्या येतात. शेवटी मीच म्हटलं, खाली बसा. तुम्हाला पाय कापून देता येतील का?"

येतील की, एका दिवसाचं काम. पण बाकांना सरकारी क्रमांक होते. कापायचे तर मंजुरी हवी, आणि मंजुरीसाठी बाक सदोष आहेत असं बाईंनी लिहून द्यायला हवं. बाक तर निकषात तंतोतंत बसत होते. सदोष असतीलच तर पोरं होती. मी दारात उभा राहिलो आणि त्या जमिनीकडे पाहत राहिलो. वडील दाराबाहेर बसले होते, ही दाराच्या आत बसली होती. सत्तर वर्षांत उंबरा ओलांडला म्हणायचा.

पुढच्या वर्षी उरलेल्या शाळांसाठी तीच निविदा निघाली, तेच एकोणिसावं पान. या वेळी बोली भरण्याआधी शंका विचारायला बैठक होती. मी लेखी शंका पाठवली नाही. लेखी शंकेला 'निविदेतील अटी लागू' असं उत्तर येतं. मी काकांना एक बाक बनवायला सांगितला. बाराच्या गुडघ्याला अठरा, म्हणजे दीडपट. मग अठराच्या गुडघ्याला सत्तावीस. लिहायची फळीही त्याच हिशेबात वर.

काकांनी तो उभा केला, बाजूला सरले, आणि म्हणाले, "लई उंच झालंय राव. ह्याच्यावर बसायचं कुनी?"

मी म्हटलं, साहेबांनी.

बाक टेम्पोतून नेला. कार्यालयाच्या शिपायाला वाटलं कोणीतरी देणगी आणली आहे. त्याने हार आहे का विचारलं आणि तो थेट सभागृहात मांडून दिला. बैठक घेणारे साहेब तरुण होते आणि सभ्य होते. माझी पाळी आल्यावर मी एवढंच म्हटलं, साहेब, हा निकषातला बाक आहे, फक्त पोरांऐवजी तुमच्या मापाने केलाय. अर्धा तास बसून पाहावं.

सभागृहात आठ-दहा पुरवठादार होते. साहेब हसले, नाही म्हणता येईना म्हणून उठले. पहिल्यांदा चढता आलं नाही. शिपायाने खुर्ची पायरीसारखी लावली. बसले तेव्हा पाय जमिनीपासून वीतभर वर आणि फळी छातीच्याही वर. कार्यक्रमपत्रिका त्यांनी हनुवटीपाशी धरून वाचायला घेतली. कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट दिसलं. दहा मिनिटांत त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली, हुबेहूब पहिलीच्या पोरांसारखे. मग शिपायाकडे पाहिलं.

"खुर्ची आणा," ते म्हणाले. उतरल्यावर पँट झटकून मला म्हणाले, "मुद्दा समजला. पण माप बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही."

मी विचारलं, कोणाकडे आहे?

"ते वरून येतं."

"वर बसलेल्यांचे पाय टेकतात का साहेब?"

साहेब रागावले नाहीत. इतिवृत्तात लिहिलं, एका बोलीदाराने सूचना मांडली. बाकाचा उल्लेख नाही.

आठवड्याने शुद्धिपत्रक निघालं. मी ते दोनदा वाचलं. मुदत सात दिवस वाढवली होती. बाकी सर्व अटी कायम.

त्या वाढीव सात दिवसांतल्या शेवटच्या दिवशी मी घोडेगावच्या त्याच दुकानात बसलो होतो. काकांनी सकाळी पिंजऱ्याच्या गजांना रंग देता देता माझ्याकडे पाहिलं होतं. नाही लिहिलं तर काम मिळायची शक्यता होती, दर आमचा चांगला होता. आणि मग अठरा इंचाचे शेकडो बाक आम्हीच बनवणार होतो, कारण माल तपासायला येणारा सुतळी घेऊन येत नाही, निकष घेऊन येतो. तो प्रश्न पडद्यावर आला. दुकानदाराने या वेळी माउस माझ्याकडे सरकवला.

"दादा, तुमीच करा. मला पाप नको."

मी होय केलं. चौकटीत अक्षरांची मर्यादा होती. मागच्या वेळी मी तिच्यात विनंती लिहिली होती. या वेळी लिहिलं: पहिलीच्या मुलाचा गुडघा बारा इंचावर असतो. बाक तेवढाच देऊ. मोजून पाहावे.

अजून निकाल नाही. पडद्यावर 'छाननी सुरू' असं दिसतं. काय लागेल ते मला माहीत आहे, आणि पुढच्या निविदेत मी काय लिहीन तेही. सत्तावीस इंची बाक वर्कशॉपच्या दारात ठेवला आहे. खिडकीला गज लावून घ्यायला कोणत्याही खात्याचे साहेब आले, की काका आधी त्यांना त्याच्यावर बसवतात आणि सावकाश माप घ्यायला जातात.