घोंगड्याचा निवद

लिंबागणेशला जाणाऱ्या गाडीवाटेवर दरीचं तोंड आलं की आम्ही सगळी पोरं दोन्ही तळहातांनी डोळे झाकून घेत असू. तळहातांना सकाळच्या गूळभाकरीचा वास असे, बैलांच्या गळ्यातले घुंगरू एकाएकी मोठ्यानं वाजू लागल्यासारखे वाटत, आणि बोटांच्या फटींतून चोरून दिसत राही ती दरी — पानगळ झालेल्या सीताफळींनी करडी पडलेली, मधूनच पळसानं पेटलेली, तळाशी कुठेतरी झऱ्याचा अंधुक आवाज... त्या दरीत घोंगड्या राहत होता.

घोंगड्याची गोष्ट आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची. कोण्या एका दुष्काळात एक मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन त्या दरीत उतरला म्हणे. मेंढरं एकेक करून मेली, माणसं खाली गावात मेली, पण तो मेला नाही. अंगावरची घोंगडी त्यानं इतके दिवस काढलीच नाही, की तिची लोकर त्याच्या कातड्यात रुजली आणि तो माणसांतून उठला. त्याला नाक नाही, बोटं नाहीत, त्याची हाक घोगरी, आणि ज्याला तो हाक मारील त्यानं ओ द्यायची नाही. थंडीच्या दिवसांत शेकोटीपाशी ही गोष्ट निघाली की तुरीच्या शेंगा भाजल्याचा वास आणि ते भय हे दोन्ही एकमेकांत इतकं मिसळून जाई, की आजही भाजल्या शेंगांच्या वासानं माझ्या पाठीवर काटा येतो.

पण माझ्या लहानपणी ती नुसती गोष्ट राहिली नाही. घोंगड्या माणसांना दिसू लागला. सरपणाला गेलेल्या बायांनी त्याला झऱ्यावर वाकलेला पाहिला. बीडहून येणाऱ्या गाडीवानाला तो टेकाडावर उन्हात बसलेला दिसला. शेळ्या राखणाऱ्या सखूआजी तर शपथेवर सांगत, "म्या बघितला, माय! हाताला बोटं न्हाईत, नुसती थोटकं. माह्याकडं बघून त्येनं तोंड झाकलं." घोंगड्यानं तोंड का झाकावं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

माझे वडील — त्यांना आम्ही बापू म्हणत असू — गावचे पाटील होते. निजामाच्या अंमलात पाटलाचा शब्द म्हणजे गावापुरता हुकूमच. या बातम्या चावडीवर आल्या तेव्हा बापू म्हणाले, "त्याच्या वाटंला जाऊ नका. दरीत कुनी उतरायचं न्हाई. त्याचा निवद माझ्या घरून जाईल." गावानं हात जोडले. गावावरचं संकट पाटलानं आपल्या अंगावर घेतलं असंच सगळ्यांना वाटलं, आणि मलाही. त्या दिवसापासून रोज दुपारच्या आत दोन भाकरी, कालवण आणि ताकाचं मडकं दरीच्या तोंडावरच्या सपाट धोंड्यावर ठेवलं जाऊ लागलं. ते घेऊन जायच्या आमच्या धाकट्या काकू.

काकूंविषयी काय सांगू... त्या फार थोडं बोलत. चुलत्यांना — नानांना — एके वर्षी अंगावर चट्टे उठले होते. मग ते परसातल्या खोलीत वेगळे राहू लागले. त्या खोलीतून कडू कवठाच्या तेलाचा उग्र वास येई आणि आम्हां मुलींना तिकडे फिरकू दिलं जात नसे. पुढे एके दिवशी ती खोली शेणानं स्वच्छ सारवलेली दिसली. नाना काशीला गेले, असं आईनं सांगितलं. मी त्यावर विश्वास ठेवला. नानांनी मला खांद्यावर बसवून बोरं काढायला नेलं होतं, ते काशीहूनही माझ्यासाठी काहीतरी आणतील अशी माझी खात्री होती. काकू कुंकू लावत होत्या, भाकरी थापत होत्या, आणि राक्षसाला जेवण नेऊन देत होत्या. मला त्या जगातल्या सर्वांत शूर बाई वाटत.

त्या साली शेळ्या जाऊ लागल्या. आज याची, उद्या त्याची. लांडगा असेल असं एखादा म्हणे, पण ज्याला दोन भाकरी पुरेनाशा झाल्या त्या घोंगड्याचंच नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. फाल्गुनात तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले, गावाबाहेरच्या आमराईत त्यांचा तंबू पडला. मोहोराच्या वासानं ती राई जड झाली होती. गावकऱ्यांनी बापूंना न विचारताच साहेबांपुढे जाऊन गाऱ्हाणं घातलं. साहेबांना शिकारीचा नाद. त्यांनी बापूंना बोलावलं. "देवाचं हाय ते, साहेब, त्याला छेडू नये," बापू म्हणाले. साहेब हसले. "पाटील, डर गए क्या?" सगळं गाव ऐकत होतं. बापू म्हणाले, "न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी दरीत शिकारीचा हाका घालायचं ठरलं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला आई देवापाशी दिवा लावत होती आणि मी वाती वळत होते. काकू थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसत. त्या माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या आणि प्रथमच बोलल्या.

"भावजी, अजून येळ हाय. साहेबाला सांगा. तुमचा पाठचा भाऊ हाय त्यो."

बापू ओसरीवर पाठमोरे बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, "सांगून काय करू? घरात महारोग हाय म्हनून सांगू? या पोरींची लग्नं व्हायची हायेत. कोन करील मंग?"

"आन् गोळी लागली म्हंजी?"

"निरोप धाडलाय त्याला. पल्याड निघून जा म्हनून."

"कसा जाईल? पाय कुठं राहिलेत त्याचे?"

आईनं माझ्या हातातल्या वाती काढून घेतल्या. मला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं, की दरीत राहणारं ते जे काही होतं ते माझे नाना होते. आणि 'या पोरी' म्हणजे आम्ही होतो — माझी थोरली बहीण आणि मी. आमची लग्नं नीट व्हावीत म्हणून माझ्या घरानं एका जित्या माणसाचा राक्षस होऊ दिला होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. अंगावरचं लुगडं एकाएकी सुटून पडावं तशी लाज मला वाटली; ती कुणाची, कशाची, हे सांगता येण्याचं माझं वय नव्हतं.

सकाळी हाका सुरू झाला. हलग्या, पत्र्याचे डबे, आरोळ्या... दरीच्या वरच्या अंगानं माणसं झुडपं झोडपत उतरू लागली. साहेब बंदूक घेऊन दरीच्या तोंडाशी उभे, त्यांच्यामागे बापू. आम्ही बायापोरं उंचावरच्या बांधावर. प्रथम मोर उडाले, मग एक ससा पळाला. आणि मग करड्या काटक्यांतून काहीतरी काळं, रांगतच म्हणा, बाहेर आलं. बाया किंचाळल्या. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

"मारू नका! मानूस हाय! मानूस हाय त्यो!"

काकू बांधावरून खाली धावत होत्या. डोक्यावरचा पदर पडला होता, पायांत काटे मोडत असतील. साहेबांनी बंदूक खाली घेतली. हलग्या एकेक करून थांबल्या. त्या काळ्या आकृतीनं घोंगडी मागं सारली आणि उन्हात आपले दोन्ही हात जोडले — जोडायला बोटं नव्हती, नुसते तळवे. तो चेहरा मी ओळखला. नाक बसलं होतं, कान सुजून लोंबले होते, पण डोळे नानांचेच होते.

साहेब चकित झाले होते. "पाटील, ये कौन है? पैचानते क्या?"

मी बापूंकडे पाहिलं. सगळं गावच पाहत होतं. नाना खाली मातीत बसले होते आणि तेही वर, थोरल्या भावाकडेच पाहत होते.

"न्हाई, साहेब," बापू म्हणाले. "असंल कुनी भिकारी. आमच्या गावचा न्हाई."

नानांनी मान हलवली, आणि त्या घोगऱ्या आवाजात — ज्या आवाजाला ओ देऊ नये असं आम्हाला शिकवलं होतं त्या आवाजात — ते म्हणाले, "खरं हाय, साहेब. मी लांबचा हाय. हितं माजं कुनी न्हाई."

एवढं बोलून त्यांनी आमच्या घराची अब्रू राखली. तोवर काकू पोचल्या होत्या. त्यांनी खाली पडलेली घोंगडी झटकली, नानांच्या खांद्यांवर घातली आणि त्यांच्या शेजारी बसल्या. साहेबांकडे न बघता, बापूंकडेही न बघता त्या म्हणाल्या, "ह्यो कुठला का असंना. मी ह्येची बायकू हाय."

गोळी सुटली नाही. साहेब त्याच दिवशी तंबू हलवून निघून गेले. जाताना, या दोघांना कुणी त्रास द्यायचा नाही, असा हुकूम मात्र करून गेले. काकू पुन्हा घरी आल्या नाहीत. दरीच्या तोंडाशी त्यांनी कडब्याच्या पाचुंद्यांची खोप घातली. बापू गड्याकरवी ज्वारी पाठवत. काकू ती घेत. गाव सारं जाणत होतं, पण बापूंसमोर कुणी शब्द काढला नाही, आणि आम्हाला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरही काढला नाही. ती गावाची माया होती. त्या मायेचंच ओझं अधिक होतं. बहिणीचं लग्न झालं. माझंही झालं — तेलगावकडचं चांगलं, खाऊनपिऊन सुखी घर.

नाना गेले ते भर आषाढात, माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी. बापूंनी सुतक पाळलं नाही. सुतक पाळायचं तर नातं कबूल करावं लागलं असतं. त्या दिवशीही ते नेहमीसारखे आंघोळ करून, गंध लावून चावडीवर गेले. आईनं मात्र त्या दिवसांत देवाला हात लावला नाही, पूजा शेजारणीकडून करून घेतली, आणि कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "हात भाजलाय." पुढं बापू वीस-एक वर्षं जगले, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. काकूंना त्यांच्या भावानं माहेरी नेलं. त्या कुठे, कशा गेल्या, हे आम्हाला कुणी कळवलं नाही. कळवावं तरी का?

मध्यंतरी मांजरसुंब्याला मोटारीची वाट पाहत बसले होते. डिझेलचा धूर, भज्यांचा वास, उन्हानं तापलेला रस्ता... शेजारी एक बाई आपल्या दोन लेकरांना जेवू घालीत होती. धाकटं जेवेना, तशी ती म्हणाली, "खातुस का न्हाई? घोंगड्या येईल हं!" आणि मग तिनं गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत एक पाटील होता. लई धाडसाचा. साहेबसुद्धा घाबरला, पण पाटील एकटा त्या घोंगड्यापुढं छाती काढून उभा राहिला, म्हणाला, हे माझं गाव हाय, निघ हितनं. आणि घोंगड्या निघून गेला.

लेकरं डोळे विस्फारून ऐकत होती. माझ्या तोंडून कसे शब्द निघाले ते मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी ते नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

"न्हाई गं बाई," मी म्हटलं. "घोंगड्या न्हवता त्यो. माझा सख्खा चुलता होता. महारोग झालता त्याला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. वाईट नव्हती बिचारी. "अगं माय," असं हळहळलीसुद्धा. मग तिनं भाकरीचं फडकं गुंडाळलं, आणि माझ्या बाजूला बसलेल्या धाकट्याला हळूच उचलून आपल्या पलीकडच्या अंगाला बसवलं.