जपानी बाई आणि आईची गोधडी

आमच्या ऑफिसातल्या जपानी बाईंना पिशवीचं वावडं होतं. जेवणाचा डबा, छत्री, एकदा तर अख्खं कलिंगड, सगळं त्या एका चौकोनी फडक्यात बांधून आणायच्या. दोह्यातल्या मुशैरिब भागात आमचं बांधकाम चालू होतं, त्या प्रोजेक्टवर त्या पर्यावरणाच्या सल्लागार होत्या. वय साठीपुढचं, उंची माझ्या खांद्याएवढी. काहीही वाया जाताना दिसलं की कळवळून म्हणायच्या, "मोत्ताइनाई!" म्हणजे, अरेरे, फुकट गेलं! आम्ही त्यांना मोत्ताइनाईबाईच म्हणायचो.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, सगळ्यांनाच घाई. आम्ही बांधत असलेल्या चौकावर काचेचं छप्पर टाकून खाली एसी सोडायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. बाईंना हवी होती कापडाची सावली. "आधी माणसं भाजायची, मग गार करायची?" असं त्या प्रत्येक मीटिंगला विचारायच्या, आणि कुणीतरी त्यांच्यापुढे चहा सरकवायचं.

एका शुक्रवारी त्यांना अल अझीझियाला आमच्या घरी जेवायला बोलावलं. पाहुणी येणार म्हणून सुनीताने, माझ्या बायकोने, माझ्या आईने शिवलेली गोधडी सोफ्यामागे कोंबली होती. बाईंनी नेमकी तीच ओढून काढली आणि जमिनीवर बसून टाके न्याहाळू लागल्या. "आमच्या उत्तरेकडची शेतकरी माणसं असंच शिवायची!" त्यांचे डोळे भरून आले. पुरणपोळ्या गार झाल्या.

"आई, शी इज नॉट इटिंग," आमची लेक म्हणाली.

"अहो, धुतलेली तरी आहे का ती!" सुनीता माझ्या कानात कुजबुजली.

जाताना बाई गोधडी मागून घेऊन गेल्या. रविवारी मीटिंगमध्ये फडक्याची गाठ सुटली आणि चकचकीत टेबलावर आईची गोधडी पसरली. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

"जुन्या साड्या आहेत, थरावर थर," बाई म्हणाल्या. "छप्पर असं करा. साइटवर उरलेलं कापड पडूनच आहे."

प्रोजेक्टचे कतारी प्रमुख उठले, गोधडीवरून हात फिरवत राहिले. "माझी आजी तंबूच्या पट्ट्या अशाच जोडायची," ते म्हणाले. मग एकदम भानावर आले. "काच खलास! यल्ला, चला, कापड!"

कापड चढायच्या आधीच बाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्या परत गेल्या. मॅचेस सुरू झाल्या तेव्हा आम्ही तिघं दुपारी चौकात गेलो. कापडाखाली देशोदेशीची माणसं चक्क जमिनीवर फतकल मारून बसली होती. कुणी डुलक्या घेत होतं, कुणी तोंड रंगवत होतं. लेकीने फोटो काढून बाईंना पाठवला.

लगेच उत्तर आलं: "माणसं आरामात बसलीत. फार बरं वाटलं. पण कोपऱ्यातला दिवा भरदुपारी का चालू आहे?"