टेबलाला आधी विचारायचं

खेळ सुरू होण्यापूर्वी ते टेबलाच्या कापडावर तळहाताची उलटी बाजू ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी, आणि हळूच विचारायचे, "आज कुनीकडं?" मग पांढरा चेंडू अगदी हलका सोडायचे आणि तो कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघत राहायचे.

सांगलीत हळदीच्या पेठेजवळ वरच्या मजल्यावर आमचा क्लब. तिथे ते मार्कर होते. म्हणजे पूलचं, बिलियर्ड्ससारख्या खेळाचं, टेबल झाडायचं, चेंडू पुसायचे, गुण मांडायचे. लष्करात ऑफिसरांच्या मेसमध्येही त्यांनी हेच केलेलं. निवृत्त होऊन आता रोज पलूसहून एसटीने यायचे. आम्ही सगळे त्यांना हवालदार म्हणायचो.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याचा कशावरच भरवसा नसतो. हवालदार चहाचा कप ठेवण्याआधी स्टूल हलवून बघत. एका व्यापाऱ्याने मुंबईहून नवीकोरी क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणली, तर यांनी ती आधी टेबलावर लाटण्यासारखी फिरवली. तो चिडला. हे शांतपणे म्हणाले, "नवी हाय म्हनून सरळ हाय, असं कुनी सांगितलं?"

माझा स्वभावही तसलाच. मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्त तपासते. आकडा जरा वेगळा आला की पुन्हा तपासल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे आमचं छान जमलं. पूल मी त्यांच्याकडेच शिकले.

"आवं ताई, परक्या टेबलावर लगेच इश्वास ठिवू नगा," ते म्हणायचे.

"परकं कसलं? रोजचंच तर आहे."

"रोजचं मानूस तरी रोज सारकं वागतंय का? आधी इचारा, मग मारा."

आणि खरंच, ते टेबल विचित्र होतं. एका आठवड्यात चेंडू खिडकीकडे ओढ घ्यायचा, पुढच्या आठवड्यात दाराकडे. जुनं टेबल, नदीकाठची दमट हवा, असं म्हणून लोक सोडून देत. मी कुठली सोडणार? माझ्या लक्षात आलं की हा फरक नेहमी सोमवारीच पडतो, आणि रविवारी क्लब बंद असताना झाडलोटीला एकटे हवालदारच येतात.

त्याच सुमारास परदेशातल्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली होती. कधी नाही ती संधी, आणि सरावाचं टेबल हे असं. एका सोमवारी लवकर जाऊन मी टेबलाखाली शिरले. एका पायाखाली घडी घातलेले दोन पत्ते होते, चौकटची सत्ती आणि किलवरची अठ्ठी. कोपऱ्यातल्या फडताळात गाडीचा जॅक मिळाला. डोक्यात एकदम सगळं जुळलं. क्लबात पैजा लागायच्या हे मला ठाऊक होतं. हा माणूस कुणासाठी तरी टेबल वाकवतोय, अशी माझी खात्रीच पटली.

मी पत्ते नेऊन क्लबच्या सेक्रेटरींच्या पुढ्यात टाकले. हवालदारांना बोलावणं गेलं.

"हे तुम्ही ठेवता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"व्हय, मीच."

"का?"

ते पत्त्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "ताईंनी शोधलं व्हय? मग बरं झालं."

मला तो निव्वळ निर्लज्जपणा वाटला. ते खुंटीवरची पिशवी घेऊन जिना उतरले आणि पुन्हा आले नाहीत. मेकॅनिकने टेबल सपाट केलं. सगळे खूश. मीसुद्धा. पत्ते पुरावा म्हणून माझ्या पर्समध्येच राहिले.

क्वालालंपूरला स्पर्धेच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने टेबलं मांडलेली. दर सामन्याला टेबल नवं, आणि त्याची ओळख करून घ्यायला मिनिटं दहा. कापड इतकं गुळगुळीत की चेंडू थांबायचं नाव घेईना. टेबलाच्या कडेच्या कुशनला लागून तो माझ्या अंदाजापेक्षा लहान कोनात परतायचा. शेजारच्या टेबलावर एकजण एसीला दोष देत होती, दुसरी पंचांशी वाद घालत होती. माझेही पहिले तीन चेंडू पार भलतीकडे गेले. एवढ्या लांब येऊन आता सगळं हातचं जाणार, असं वाटलं.

मग माझा हात आपणहून कापडावर गेला, उलटा. आणि मी मोठ्याने मराठीत विचारलं, "आज कुनीकडं?" पंच माझ्याकडे बघायला लागले. मी चारही बाजूंनी चेंडू हलके सोडले. उजव्या कोपऱ्याकडे जरा ओढ होती. तेवढं कळलं आणि हात आपोआप जुळवून घ्यायला लागला. ही सवय मला कुठे लागली, हे त्या क्षणी समजलं. हवालदार आमच्यासाठी दर सोमवारी एक परकं टेबल तयार करून ठेवत होते. सांगलीतून न हलता मी शे-दीडशे टेबलांवर खेळले होते, आणि ती देणाऱ्या माणसाला मी चोर ठरवलं होतं.

दोन सामने जिंकले, तिसरा हरले. विमानात डोळ्याला डोळा लागला नाही. पण परतल्यावर लगेच पलूसला गेले का? नाही. लाज वाटत होती. आज जाते, उद्या जाते करत दोन महिने काढले. शेवटी गेले, तेव्हा भिंतीवरच्या फोटोला हार होता. छातीत कळ येऊन हवालदार गेले होते. महिना झाला होता.

त्यांच्या बायकोने मला ओळखलं. "तुमीच का त्या ताई? तुमी तिकडं गेल्तासा तवा मालक रोज म्हनायचे, तितलं टेबल कसं असंल कुनास ठावं."

"मावशी, पत्ते कशासाठी ठेवतो, हे त्यांनी कुणालाच का सांगितलं नाही?"

"मीबी इचारलं की. म्हनाले, सांगितलं तर समदी टेबलाच्या पायाकडंच बघत बसतील, चेंडूकडं कोन बघंल?"

मी खरं ते सगळं सांगितलं. कागाळी मीच केली, असंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पर्समधून दोन पत्ते काढून त्यांच्या हातात दिले.

त्या उठून फळीवरून पत्त्यांचा कॅट घेऊन आल्या. "दोन कमी हायत म्हनून तसाच पडलाय बगा." सत्ती आणि अठ्ठी त्यांनी अंगठ्याने सरळ केली, कॅटात घातली, पिसली. तरी ते दोन पत्ते कडेला फुगून वर दिसत होते.

"आता ह्ये कुनाच्या हातात हायत ते लगीच कळनार," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी कॅट तळहाताखाली दाबून धरला. बराच वेळ धरला. हात काढला की मधली फट पुन्हा तेवढीच दिसायची.