आर्व्होंच्या करवतीचे दुसरे टोक

आर्व्हो लाहतिनेन यांनी माझ्या स्वयंपाकघरावर झाड पाडले, तेव्हा त्यांचा आणि माझा परिचय झाला. व्हँकुव्हर बेटावरील लाकूडतोड्यांच्या एका तळावर मी स्वयंपाकीण होते. खिडकीपाशी ब्लॅकबेरीचे केक निवत ठेवले होते. ते सर्व सीडरच्या एका खोडाखाली गेले. मी पिठाच्या कोठीत होते, म्हणून वाचले.

ते झाड ज्या साखळीकरवतीने कापले, ती दोन माणसांनी चालवायची होती. एका टोकाला अवजड इंजिन होते आणि तिथे आर्व्हो उभे होते. दुसऱ्या टोकाला धरायची मूठ होती आणि तिथे त्यांचे जोडीदार लेइफ त्वेट होते. आर्व्हो म्हणाले, लेइफने करवत वाकडी ओढली. लेइफ म्हणाले, मी "थांब" म्हणून ओरडत होतो. इंजिनाच्या आवाजात कोणालाही काही ऐकू येणे शक्य नव्हते, हे मला पिठात बसूनही समजले होते. त्याच संध्याकाळी लेइफ यांनी आपल्या टोकाची मूठ काढून घेतली आणि दुसऱ्या तळाचा रस्ता धरला. पुढे दोघे एकाच गावात म्हातारे झाले, परंतु एकमेकांशी बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर आर्व्हो जुन्या करवती दुरुस्त करू लागले. लोक गोठ्यांतून आणि तळघरांतून गंजलेली यंत्रे घेऊन येत. अडकलेला पिस्टन ते तेलात भिजत ठेवीत आणि रोज सकाळी त्याला फिनिश भाषेत शिव्या देत. यंत्रात उंदरांचे घरटे सापडले, तर तेही पिशवीत घालून मालकाच्या हाती देत.

"हे काय आणि?" लोक विचारत.

"तुमचंच आहे. मी कुणाचं काही ठेवून घेत नाही."

आयुष्यभराच्या गोंगाटाने त्यांचे कान बरेचसे गेले होते. इंजिन नीट चालते की नाही, हे ते टाकीला पोट टेकवून ठरवीत. पोटात मळमळले, तर कार्बुरेटर पुन्हा उघडत.

ती जुनी करवतही त्यांनी जपून ठेवली होती. गेल्या वर्षी लाकूडतोड्यांच्या मेळाव्याच्या समितीने ती मागितली. चालू झाली, तर दरवर्षी पहिला ओंडका तिनेच कापायचा. नाही झाली, तर ती सभागृहाच्या भिंतीवर कायमची टांगायची, असे ठरले.

"टांगायची?" आर्व्हो कडाडले. "ती काय हरणाचं मुंडकं आहे?"

उन्हाळाभर खपून त्यांनी इंजिन जिवंत केले. राहिली फक्त मूठ.

"मग कर की नवी," मी म्हणाले.

"तेवढ्या जाडीची नळी मिळत नाही गं, विल्मा."

त्यांच्या पाठीमागे सर्व जाडींच्या नळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आणि ती धरणार कोण?" मी विचारले.

यावर त्यांनी बराच वेळ नाक शिंकरले.

शेवटी मीच लेइफ यांच्याकडे गेले. त्यांनी ती मूठ मासे धुरावर सुकवण्याच्या खोपटाच्या दाराला बसवली होती.

"त्या बहिऱ्याला सांग," ते म्हणाले, "मी 'थांब' म्हणून ओरडलो होतो."

मी तो निरोप आर्व्हो यांना पोहोचवला.

"मग जोरात ओरडायचं होतं!"

मी हेही लेइफ यांना पोहोचवले.

"जोरात? अगं, आठवडाभर घसा बसला होता माझा!"

आणखी एक फेरी घालण्यास मी स्पष्ट नकार दिला. आर्व्होंना म्हणाले, "माझे केक गेले, त्यांच्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही. आता तुझ्या पायांनी जा."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी ते गेले. साक्षीदार म्हणून मीही मागोमाग गेले. लेइफ ओसरीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. आर्व्हो फाटकापाशी थांबले, टोपी काढली आणि टोपीकडे पाहत काहीतरी पुटपुटले.

"काय?" लेइफ म्हणाले.

आर्व्हो यांनी पुन्हा सांगितले.

"काही ऐकू येत नाही!"

शेजाऱ्यांनी गवत कापण्याचे यंत्र बंद केले. टपालवाली बाई सायकलवरून उतरली. तेवढ्यात फडके घसरले आणि मला मूठ दिसली. ती घासूनपुसून लखलखीत केलेली होती. लेइफ यांना पहिल्याच वेळी सारे ऐकू आले होते, अशी माझी खात्री झाली. तरीही त्यांनी कानामागे हात धरला.

"जोरात ओरड की!"

आर्व्हो यांनी छाती भरून श्वास घेतला.

"लेइफ, उद्या माझ्या करवतीचं दुसरं टोक धर!"