यागो पुरलेला ओयुगी

ओयुगीची कबर त्याच्याच अंगणात आहे. माणूस सरोवरात बुडाला आणि देह सापडला नाही, तर आम्ही यागोच्या झाडाचं लांबोडकं फळ त्याच्या जागी पुरतो. ओयुगीचंही पुरलं, रडलो, बैल कापला. दोन वाटे मी खाल्ले, खोटं कशाला बोलू? त्याची बायको अचोला रीतीप्रमाणे धाकट्या दिराच्या घरात गेली. आणि पाच महिन्यांनी हा पठ्ठ्या सरोवरापलीकडच्या तुरुंगातून सुटून चालत घरी आला; बुडाला नव्हताच, मासे धरताना हद्द ओलांडली म्हणून पकडला गेला होता.

पुरलेल्याला परत कसं घेणार? त्याच्या ताटात जेवलं तर मरण आपल्या दारी येतं, असं जुनीजाणती माणसं म्हणाली. म्हणजे मीच म्हणालो. सहा वर्षं ओयुगी एकटा जाळी विणतोय, एकटा जेवतोय. अचोला त्याला पाहून वाट बदलते. पाणवठ्यावरच्या बायका छेडायच्या, "भावजी, वर स्वर्गात काय शिजवतात?" तो म्हणायचा, "इथल्यापेक्षा बरं."

मग इमान्वेल आला. डोंगराकडच्या कुण्या मारियाचा मुलगा, होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्याच्या बापाबद्दल गावात नाना बोललं जाई. त्यातलं निम्मं माझंच. कोळी कामं टाकून त्याचं ऐकत बसायचे. एका दुपारी तो थेट ओयुगीच्या झोपडीत शिरला. आम्ही कुंपणाशी गोळा झालो.

"दादा, भूक लागलीय."

"मी मेलेला आहे, लेका. गावाला विचार."

"मासाही मेलेलाच आहे ना? वाढ."

एकाच ताटात दोघांचे हात गेले. ओयुगी नुसता त्या दुसऱ्या हाताकडे बघत राहिला.

पुढच्याच आठवड्यात बाटलीतून आशीर्वाद विकणाऱ्या पाद्र्याचं टेबल इमान्वेलने किनाऱ्यावर उलथवलं. पोलीस आले, त्याला गाडीत घातलं आणि विचारू लागले, याच्या बरोबरचे कोण? कोळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मीही हलवली. ओयुगी पुढे झाला.

"मी. हा माझ्याकडे जेवलाय."

"साहेब, त्याचं काय ऐकता," आमचा मुखिया म्हणाला, "तो मेलेला आहे."

साहेब हसले आणि त्यालाही गाडीत चढवलं.

महिन्याने ओयुगी परतला, एकटा. इमान्वेल कोठडीत मेला असं पोलिसांचा कागद सांगतो, तिसऱ्या दिवशी देह तिथे नव्हता असं शिपाई सांगतात. ओयुगीला विचारलं, त्याचंही यागो पुरायचं का? तो म्हणाला, नको, परत आला तर त्याला जेवायला कोण बसवेल?

हल्ली मी संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत जातो. तो म्हणतो, "या बाबा, दोन घास खा." मी म्हणतो, आत्ताच जेवलो. तो आग्रह करत नाही.